कंपनीचा रंग आणि तुर्भ्याचा रंग : एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तो निम्म्यावर आला, कारण तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे उत्तर. कमेंटच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं टाकतोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: गेल्या महिन्यात मी एका मित्राच्या 2009 सालच्या लाल पोर्शे बॉक्स्टरबद्दल लिहिलं होतं. तुर्भ्याच्या एमआयडीसीत तिला सबंध नवा रंग दिला, आणि मी उत्साहाच्या भरात लिहून बसलो की ‘हा रंग कंपनीच्या रंगापेक्षा कांकणभर सरसच उतरलाय’. त्यावर ऐरोलीच्या एका वाचकांनी लिहिलं (यांची सतरा वर्षं एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गेली आहेत): “कारखान्यात बॉडी टाकीत बुडवतात, 140 अंशांना भाजतात, रोबो रंग मारतो. तुमच्या गॅरेजवाल्याकडे 60 अंशांची खोली आणि एक पोऱ्या. कांकणभर सरस कसलं? असलं वाचून लोक चांगला मूळ रंग खरवडून काढतात आणि गाडी विकताना रडतात.”

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते मला लागलं. त्या लेखानंतर मला दोघांचे मेल आले. दोघांच्याही गाड्यांचा मूळ रंग धड आहे, आणि दोघांनाही ‘पत्र्यापर्यंत साफ करून पहिल्यापासून’ रंग हवाय. म्हणजे तुमची भीती खरी ठरली. चूक माझीच. बॉक्स्टरचा जुना रंग आम्ही पत्र्यापर्यंत काढलाच नव्हता, ही गोष्ट मी लेखात एका ओळीत उरकली होती. ती पहिल्या परिच्छेदात यायला हवी होती.

कारण टाकीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. नुसता सांगाडा, त्यात ना सीट ना वायर, आधी धुतला जातो, त्यावर फॉस्फेटचा थर बसतो आणि मग तो ईडीच्या (इलेक्ट्रो-डिपॉझिशन, म्हणजे विजेने प्रायमर चढवण्याच्या) टाकीत अख्खा बुडतो. वीज सोडली की रंगाचे कण ओढल्यासारखे पत्र्याला चिकटतात. दाराच्या पोटात, सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) पोकळीत, जिथे माणसाचं बोट जात नाही तिथेसुद्धा. जेमतेम 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा थर पुढे 170 अंशांच्या आसपास भाजला की गंजाची वाट बंद. पोर्शेचा पत्रा तर 1970 च्या दशकाच्या मध्यापासून मुळातच जस्ताचा मुलामा दिलेला असतो. ठाण्यात, तुर्भ्यात किंवा खुद्द स्टुटगार्टच्या गल्लीतल्या गॅरेजात हा थर पुन्हा देता येत नाही. पत्रा उघडा पडला तर इपॉक्सी प्रायमर मारतात. तो चांगला असतो, पण जिथे गनचा फवारा पोचतो तिथवरच. म्हणून मूळ ईडी म्हणजे घराचा पाया. वरचे मजले बदला, पायाला हात लावू नका. इथवर आपलं एकमत आहे, आणि मेल करणाऱ्या त्या दोघांना मी तसं कळवलंही आहे.

आता 140 आणि 60 चं बघू. इथे मात्र मला तुमचा हिशेब पटत नाही. मी अकरा वर्षं ठाण्यात एका रंगविक्रेत्याकडे शेड मिक्सिंगला होतो. काट्यावर ग्रॅम-ग्रॅम टिंट मोजून डबे भरायचे, हे माझं काम. तिथे येणारा प्रत्येक दुसरा ग्राहक हाच प्रश्न विचारायचा: “कंपनी एवढं भाजते, तुमचं साठावर कसं पिकणार?” मी त्यांना सांगायचो की कारखान्यातलं मेलामाइनवालं क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) म्हणजे भाकरी. तवा तापलाच पाहिजे, नाहीतर पीठ पीठच राहणार. गॅरेजातलं टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून लावायचं, क्लिअर म्हणजे दही. त्याला हार्डनरचं विरजण लागतं. विरजण घातलं की ते गार खोलीतही लागणार, ऊबदार जागी ठेवलं तर लवकर लागणार, एवढाच फरक. 60 अंश ही ती ऊब. दह्याला तव्यावर का भाजलं नाही, असं कुणी विचारत नाही.

आणि दह्याचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, एक बरं असतं. आम्ल पचवण्यात ते जुन्या पद्धतीच्या मेलामाइन क्लिअरपेक्षा सरस ठरतं. कावळ्याची विष्ठा बोनेटवर दुपारभर तापली की जो खड्डा पडतो, तो याच्यावर उशिरा पडतो. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातली सकाळची हवा तुम्हाला ऐरोलीत मी वेगळी सांगायला नको. हे कारण कारखान्यांनाही ठाऊक आहे. काही कारखाने स्वतःच टू-के क्लिअर वापरतात. उलट बाजूही सांगतो. भट्टीतून निघालेला कारखान्याचा रंग तिथेच पुरता पिकलेला असतो. आमचा रंग हाताला सुकला तरी आतून मुरायला काही आठवडे घेतो. तेवढ्यात कुणी हौसेने वॅक्स चोपडलं किंवा जाड कव्हर घालून गाडी सोसायटीच्या तळघरात ठेवली, तर मग विचारायलाच नको.

शिवाय तुम्ही ज्याला ‘कंपनीचा रंग’ म्हणता तो तरी एकजात 140 अंशांचा कुठे असतो? बम्पर प्लास्टिकचा. त्याला त्या भट्टीत घातलं तर तो पापडासारखा वाकेल. म्हणून बम्पर वेगळे रंगतात, 80 अंशांच्या आसपास, बरेचदा वेगळ्याच पुरवठादाराच्या कारखान्यात, लवचिक रंगाने. स्पोर्ट्स कारच्या जगात तर हे आणखी पुढे जातं. लोटसच्या कित्येक गाड्यांचं अंग फायबरग्लासचं, कॉर्व्हेटचं तर 1953 पासून. त्या अंगाला ईडीची टाकी कधी लागलीच नाही. मग तो रंग ‘कंपनीचा’ नाही का? शोरूममध्ये नव्याकोऱ्या चंदेरी गाडीशेजारी उभं राहून बम्पर आणि फेंडर यांच्या शेडमधला फरक मी ग्राहकांना दाखवलाय. एकदा दिसला की मग जाता जात नाही. (यामुळे एकदा एका सेल्समनने मला चहा न पाजता वाटेला लावलं होतं.)

रोबोबद्दल फार बोलत नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणारी बेल (रंग उडवणारी घंटेसारखी वाटी), विद्युतभार दिलेला फवारा, रोज तोच हात, तोच वेग. सातत्यात माणूस हरणार. पण रोबोला दिवसाला शेकडो गाड्या काढायच्या असतात, त्यामुळे तो क्लिअर मोजून मारतो, 40-50 मायक्रॉन. त्यावरची संत्र्याच्या सालीसारखी बारीक लहर, जिला आपण ऑरेंज पील म्हणतो, ती तशीच ठेवली जाते. दार, छत, बोनेट सगळीकडे सारखी दिसली की झालं. आमच्या तुर्भ्याच्या कारागिरांनी क्लिअरचा एक हात जास्त दिला, तीन आठवडे गाडी मुरू दिली, मग दीड हजार, दोन हजार, तीन हजार नंबरच्या वॉटर पेपरने ती लहर सपाट केली आणि मशीनने बफ केलं. संध्याकाळी दारात ट्यूबलाइट बघितली तर काठ ब्लेडने कापल्यासारखे सरळ. मी ‘कांकणभर सरस’ म्हणालो ते याला. हे डोळ्याला दिसणारं सरस आहे, आयुष्य वाढवणारं नाही. घासताना वरचे आठ-दहा मायक्रॉन जातात. तो जादा हात दिलेला नसता, तर ऊन अडवणारा भागच आम्ही पाण्याबरोबर धुऊन टाकला असता. मूळ रंगावर हा खेळ करू नये, हे त्यातच आलं.

खरी परीक्षा शेडची असते. आणि इथे तुम्ही काहीच लिहिलं नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं, कारण कारखान्याशी तुलनेत गॅरेज सर्वांत जास्त इथेच आपटतं. कंपनीने रंगाला दिलेला कोड एकच असला तरी रंग एक नसतो. एकाच कोडचे तीन-तीन, चार-चार व्हेरियंट आमच्या कपाटात नमुन्याच्या पत्तीवर लावलेले असायचे. कुठला पिवळसर, कुठला काळपट. मेटॅलिकमध्ये तर ॲल्युमिनियमच्या चकत्या आडव्या पडल्या की रंग उजळ, उभ्या राहिल्या की गडद. हवेचा दाब अर्धा बार वाढवा, गन चार बोटं लांब धरा, तोच डबा वेगळी शेड देतो. म्हणून शहाणा पेंटर आधी पत्तीवर मारून बघतो, ती उन्हात धरतो, सावलीत धरतो, तिरपी धरतो, आणि एकच दार रंगवायचं असेल तर शेजारच्या पॅनेलवर रंग विरत नेतो. एका पॅनेलचं काम अख्ख्या गाडीपेक्षा अवघड असतं, ते यामुळे. लोकांना उलटं वाटतं.

बॉक्स्टरचं नशीब एवढंच की अख्खी गाडी रंगवायची होती आणि रंग सॉलिड होता. इंग्रजीत तो गार्ड्स रेड. जर्मन लोक त्याला इंडिशरोट म्हणतात, म्हणजे चक्क भारतीय लाल! पण लालही सोपा नाही. तो झाकत नाही. खालचा प्रायमर फिक्का असेल तर नारिंगी झाक येते, गडद असेल तर विटकरी. आधी बरोब्बर राखाडी प्रायमर द्यावा लागतो. कारागिरांनी तीन राखाडी छटांवर तीन पत्त्या मारल्या, दार उघडून बिजागरीजवळच्या मूळ रंगाशी ताडून पाहिल्या आणि मधली घेतली. बाहेरच्या रंगाशी ताडून उपयोग नव्हता. तो पंधरा उन्हाळे खाऊन गुलाबीकडे झुकला होता.

रंगाच्या हवामानाविषयी मी स्वतः ठेच खाल्लीय, तेव्हा तेही लिहितो. 2013 च्या जुलैत मी माझी काळी सेडान घोडबंदरच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये रंगवायला दिली. नाव घेत नाही. शेड आता तिथे नाहीच. रंगाचा धंदा कळणाऱ्या माणसाने भर पावसात पत्र्याच्या शेडमध्ये गाडी द्यावी, यावरून घरी अजून बोलणी खातो. कॉम्प्रेसरच्या पाइपात पाणी. हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि ओल्या क्लिअरमधून बुडबुडे वर येतात. दुसऱ्या दिवशी बोनेटवर सुईने टोचल्यासारखी शेकडो भोकं. तिसऱ्या आठवड्यात खालच्या पॉलिश पेपरचे ओरखडेही वर उमटले, कारण पुट्टी नीट सुकायच्या आत वर रंग मारला होता. तुमचं ‘60 अंशांची खोली आणि एक पोऱ्या’ हे वाक्य त्या शेडला तंतोतंत लागू आहे. फक्त खोली नव्हती. त्या पोऱ्याच्या तोंडावर रुमाल होता, त्याचं मला माझ्या बोनेटपेक्षा जास्त वाईट वाटतं. आयसोसायनेटने दमा लागू शकतो, तो कित्येकदा जन्मभर सोडत नाही, आणि रुमाल त्याला अडवत नाही. तुर्भ्याचं गॅरेज मी निवडलं त्यातलं एक कारण हेच, की तिथे बाहेरून हवा येणारा मुखवटा खुंटीवर शोभेला टांगलेला नव्हता, वापरून मळलेला होता. जो माणूस फुप्फुसाची काळजी घेतो तो कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी अडवणाऱ्या फिल्टरचीही घेतो, असा माझा अंदाज होता. तो बरोबर निघाला.

विक्रीबद्दल तुमच्याशी भांडण नाही. जाडी मोजायचं यंत्र आता वापरलेल्या गाड्यांच्या दलालाच्या खिशात असतं. मूळ रंग साधारण 100 ते 140 मायक्रॉन दाखवतो. बॉक्स्टरचे फेंडर आता 210-230 दाखवतात, कारण जुन्यावर नवा चढलाय. बघणारा आधी म्हणणार, ठोकलेली गाडी. मित्राकडे प्रत्येक टप्प्याचे फोटो आहेत, पुट्टीचा हात कुठेही नाही हे त्यात दिसतं, तरी भाव थोडा पडणारच. तो गाडी विकणार नाही म्हणतो. सगळेच म्हणतात. रंग तोच ठेवल्यामुळे एमएच-04 च्या आरसीवर काही फेरफार करावे लागले नाहीत, तेवढीच कटकट वाचली.

तेव्हा मूळ लेखातलं ‘कांकणभर सरस’ हे वाक्य मी बदललंय. आता तिथे असं आहे: ‘वरून बघायला कंपनीच्या रंगापेक्षा सपाट, आतला थर कंपनीचाच, आम्ही त्याला धक्का लावला नाही.’ तुमच्या सांगण्यावरून बदललं, हेही खाली लिहिलंय.

बाकी, येत्या रविवारी सकाळी गाडी माजिवड्याला माझ्या इमारतीखाली असेल. ऐरोलीहून मुलुंडच्या पुलावरून अर्ध्या तासात याल. यंत्र घेऊन या, पण एक सांगतो, बम्परवर ते काही बोलणार नाही. प्लास्टिकला ते मुकं आहे. उजेडात दारं बघा, कापडी छताच्या शिवणीजवळ रंगाचे शिंतोडे उडालेत का बघा. तिथे मलाही एक सापडलाय, तांदळाच्या कणीएवढा. कुठे ते सांगत नाही. तुमच्या सतरा वर्षांच्या नजरेला किती वेळ लागतो ते बघायचंय.