‘पीपीच्या जागी पीएलए घातलं की झालं’ म्हणणाऱ्या वाचकास

वनस्पतीजन्य प्लास्टिकच्या सॅनिटरी पॅडवरच्या माझ्या लेखाखाली ‘जागरूक ग्राहक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. मी ती काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश: असा पॅड कुंडीत नऊ महिने पुरला, तसाच्या तसा निघाला; किंमत दुप्पट; पुण्यात कचऱ्याच्या गाडीत टाकल्यावर तो खत प्रकल्पात जातच नाही, मग ‘कंपोस्टेबल’ला अर्थ काय; आणि शेवटी, ‘पीपीच्या जागी पीएलए घातलं की झालं, यात तंत्र कसलं? मॅडम, गुगलवरचं उतरवून काढण्यापेक्षा एकदा कारखाना बघा.’ (पीपी म्हणजे पेट्रोलियमपासूनचं नेहमीचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन; पीएलए म्हणजे वनस्पतीच्या साखरेपासूनचं, पॉलिलॅक्टिक अॅसिड.)

‘मॅडम’ म्हणून आदर दाखवायचा आणि त्याच वाक्यात उतरवून काढल्याचा आरोप करायचा, ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. चौदा वर्षं मी पॅडच्या लाइनवर आहे, त्यातली सहा याच मालावर. मतभेद असू द्या, पण समोरच्याने काम केलंच नसणार असं गृहीत धरून लिहिलेल्या मजकुराला टीका म्हणत नाहीत.

आधी माझी चूक. लेखात मी ‘कंपोस्टमध्ये कुजतो’ एवढंच लिहिलं होतं, ‘औद्योगिक’ हा शब्द राहिला. आता घातला आहे. कंपोस्टेबल प्लास्टिकचं मानक आहे आयएस/आयएसओ १७०८८. त्याची चाचणी ५८ अंशांच्या आसपास चालते आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा वायू व्हावा लागतो. पीएलएची साखळी आधी पाण्याने तुटते आणि मग जिवाणू ती खातात. हे तुटणं ५५-६० अंशांच्या वर वेग घेतं. बाल्कनीतली कुंडी तेवढी तापत नाही, त्यामुळे तुमचा पॅड तसाच निघाला यात नवल नाही. तुमचा प्रयोग चुकीचा नव्हता, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

आता ‘घातलं की झालं’.

पॅडचा वरचा थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा, स्पनबॉन्ड कापडाचा असतो; वितळलेल्या प्लास्टिकचे धागे ओढून, न विणता, गरम रोलरखाली चिकटवलेलं हे कापड. पीपीचे दाणे पोतं फोडून थेट हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या नरसाळ्यात, ओतता येतात, कारण पाणी पीपीचं काही बिघडवत नाही. पीएलए हा पॉलिएस्टर आहे, त्याच्या साखळीतले एस्टर बंध पाण्याने तुटतात. २२० अंशांवर वितळताना दाण्यात ओल असेल तर तीच ओल साखळी कापत जाते. धागा काढायचा तर ओल ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) खाली हवी. म्हणजे २५ किलोच्या पोत्यात सव्वा ग्रॅम पाणी, त्याहून जास्त नाही. पावसाळ्यात पोतं तासभर उघडं राहिलं तरी हा हिशेब कोलमडतो. म्हणून कोरड्या हवेचा ड्रायर लागतो, उणे ४० अंश दवबिंदूचा, आणि ८० अंशांवर किमान चार तास. साधा गरम हवेचा ड्रायर चालत नाही, बाहेरची दमट हवाच तो आत फुंकतो. सुकवण्यात कसूर राहिली तर वितळलेला माल पातळ होतो, स्पिनरेटखाली (धागे काढणाऱ्या छिद्रांच्या चकतीखाली) धागे तुटून थेंब पडतात आणि कापडावर काचेसारखे कडक ठिपके येतात. असा रोल पॅडच्या लाइनवर चढवलात तर ठिपका कातडीला टोचतो, आणि तक्रार ‘ब्रँडची क्वालिटी घसरली’ अशी येते.

कडेची कातरण परत वापरायची सवय पीपीच्या कारखान्यांत सगळ्यांनाच असते. पीएलएची कातरण दळून, पुन्हा दाणे पाडून सरळ ड्रायरमध्ये टाकलीत तर साठ अंशांनंतर तिचा गठ्ठा होतो, कारण नुकते पाडलेले ते दाणे अजून स्फटिक झालेले नसतात. त्यांना आधी ढवळत ढवळत स्फटिक करावं लागतं. त्याचं यंत्र वेगळं. जेवणाच्या सुट्टीत लाइन बंद ठेवली तर बॅरलमध्ये, म्हणजे माल वितळवणाऱ्या नळीत, माल करपतो, म्हणून थांबण्याआधी पॉलिथिनने बॅरल धुऊन काढायची. हे कुठल्याही शिफ्टच्या फोरमनला विचारा.

पुढे धागा ओढणं. पीएलएचा धागा हवेच्या झोताने पुरेसा ताणला नाही, साधारण मिनिटाला साडेतीन-चार हजार मीटरच्या खाली राहिला, तर आतली रचना बसत नाही आणि गरम रोलरखाली कापड पापडासारखं आक्रसतं. काही लाइन तेवढी हवा देऊ शकतच नाहीत.

जिथे बहुतेक जण फसतात ती गोष्ट घनता. पीपीची ०.९१, पीएलएची १.२४. म्हणजे १५ जीएसएमचं (चौरस मीटरला १५ ग्रॅम वजनाचं) पीपी कापड बदलून १५ जीएसएमचंच पीएलए कापड मागवलंत, तर त्याच जाडीच्या धाग्याची लांबी सुमारे २७ टक्क्यांनी कमी भरते. कापड विरळ होतं आणि त्यातून आतला फ्लफ (लगद्याचा कापूस) आणि द्रव शोषणाऱ्या जेलचे कण वर येतात. तेवढीच झाकण हवी असेल तर २० जीएसएम लागतं. तुमच्या ‘दुप्पट किमती’चा एक भाग इथेच आहे, पण ते सांगायला ‘घातलं की झालं’ म्हणून पुढे जाऊन चालत नाही.

कापडाला पाणी आत घेण्यासाठी वरून फिनिश, म्हणजे भिजवणाऱ्या रसायनाचा हात, मारावा लागतो. पीएलए पीपीइतका पाण्याला झिडकारत नाही, पण आपोआप भिजतही नाही. फिनिश कमी पडला तर थेंब वर बसून राहतो. जास्त झाला तर द्रव दाब पडल्यावर उलटा वर येतो आणि वापरणारीला ओलं लागतं. ‘असले पॅड ओलेच राहतात’ म्हणणाऱ्यांनी बहुतेक हेच अनुभवलं असतं, पण दोष जातो ‘वनस्पती’ला.

गळती अडवणाऱ्या खालच्या फिल्मकडे आलं की अजून गंमत. पीएलए एकटं ठिसूळ, वळवलं की कडकड वाजतं. म्हणून फिल्ममध्ये पीबीएटी हे मऊ प्लास्टिक मिसळतात, कधी स्टार्चही. पीबीएटी कुजतं, पण बनतं बहुतांशी पेट्रोलियमपासून. उलट, ब्राझीलमध्ये त्रियुंफो इथे ब्रास्केम २०१० पासून ही कंपनी उसाच्या इथेनॉलपासून जे पॉलिथिन बनवते, ते वनस्पतीचं असूनही कुजत नाही, कारण ते साधं पॉलिथिनच असतं. ‘वनस्पतीपासून’ आणि ‘कुजणारं’ हे दोन वेगळे दाखले आहेत, आणि प्रतिक्रियेत तुम्ही ते सहा वेळा एकमेकांच्या जागी वापरलेत. मोजून सांगते, सहा.

ही फिल्म पातळ असते. नेहमीचा हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावायचा डिंक, १५०-१६० अंशांवर तिच्यावर पट्टीने ओढलात तर सुरकुती पडते, कधी छिद्रही. डिंक कमी तापमानाचा घ्यावा लागतो आणि पट्टीऐवजी सर्पिल फवाऱ्याने मारावा लागतो. फवाऱ्याने चिकटण कमी होते, मग वजन वाढवा. डिंकाचं वजन वाढवलं की रिलीज पेपर (डिंकावरचा सोलून काढायचा कागद) सुटताना फिल्मच फाटते. या दोन टोकांच्या मधे जागा शोधण्यात डिंकाचे ड्रमच्या ड्रम जातात. यालाच आम्ही तंत्र म्हणतो. तुम्ही दुसरं काही म्हणत असाल तर तो शब्दांचा प्रश्न.

आतल्या जेलबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, खरी अडचण तीच असताना. नेहमीचं जेल असलेल्या सोडियम पॉलिअॅक्रिलेटचं अॅक्रिलिक अॅसिड प्रोपिलीनपासून, म्हणजे पेट्रोलियमपासून येतं. स्टार्चवर कलम केलेलं जेल मिळतं, पण कलमाची फांदी बहुधा अॅक्रिलिकचीच. सीएमसीचं (सेल्युलोजपासून केलेलं) जेल मुख्यतः वनस्पतीचं, पण कण फुगून एकमेकांना चिकटतात, मधली वाट बंद होते आणि दाबाखाली, म्हणजे बसल्यावर, पकड सोडतं. हे मी लेखात लिहिलं होतं, चौथ्या परिच्छेदात. तिथपर्यंत आपण पोहोचला नसावात.

बाकीच्या मुद्द्यांना थोडक्यात. किंमत जास्त आहे, मी कधी नाही म्हटलं नाही. पीएलएचे दाणे आजही बहुतेक बाहेरून येतात, थायलंड आणि अमेरिकेतून. जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ मध्ये उघडलेला प्रकल्प प्रात्यक्षिकापुरता आहे, आणि बलरामपूर चिनी मिल्स या साखर कंपनीने उत्तर प्रदेशात पीएलएचा मोठा कारखाना त्याच वर्षी जाहीर केला. आणि गाडीत टाकलेला पॅड कुठे जातो? तो प्रश्न कचरा व्यवस्थेचा आहे, निदान या लेखाचा तर नाहीच. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंनी लाल ठिपक्याची (वापरलेला पॅड गुंडाळून त्यावर लाल खूण करण्याची) मोहीम काढली ती हाताळणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी, त्यात मी पडत नाही.

आणि हो, ‘अशा लेखांचे पैसे मिळत असतील’ हे शेवटून दुसरं वाक्य. त्याला मी उत्तर देणार होते, लिहून खोडलं.

कुंडीतल्या पॅडचं वेष्टन अजून असेल तर त्यावर ‘बायोबेस्ड’ (वनस्पतीपासून) लिहिलं आहे की ‘कंपोस्टेबल’, आणि १७०८८ हा आकडा दिसतो का, ते कळवा. आकडा नसेल तर तो पॅड कोणत्या फिल्मचा होता हे आपल्या दोघांनाही माहीत नाही.