सिरिल बर्ट यांच्या तथाकथित कबुलीबाबत खुलासा

वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या बुद्ध्यांकाचे आकडे बनावट असल्याची कबुली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनी दिली आणि म्हणून त्यांची ‘सर’ ही पदवी काढून घेण्यात आली, हे सध्या फिरणारे विधान चुकीचे आहे. बर्ट १९७१ मध्येच वारले. त्यांच्या आकड्यांवर टीका करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन कामिन यांचे पुस्तक त्यानंतर, १९७४ मध्ये आले, तर वृत्तपत्रातून उघड आरोप १९७६ मध्ये झाला. संशय मात्र निराधार नव्हता, कारण जुळ्यांच्या जोड्यांची संख्या २१ वरून ५३ वर गेली तरी सहसंबंध (जोडीतील दोघांचे बुद्ध्यांक एकमेकांशी किती जुळतात याचे माप) नेमका ०.७७१ इतकाच राहिला, आणि असा योगायोग पचनी पडणे कठीणच. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९८० मध्ये त्यांना दोषी मानले, पण १९९२ मध्ये ती भूमिका मागे घेतली.