दोन इंचांची सुट्टी

पावसाळ्यात हवामान खात्याने मुंबई-ठाण्याला रेड अलर्ट दिला आणि महापालिकेने शाळांना सुट्टी जाहीर केली, की आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. नेमके त्या दिवशी ऊन पडलेले असते. कुणीतरी खिडकीतून निळ्या आभाळाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, की अमेरिकेत फूटफूट बर्फात मुले शाळेत जातात आणि आपल्याकडे चार थेंब पडले की सगळे घरी. मग आपण लहानपणी गुडघाभर पाण्यातून शाळेत कसे गेलो, याच्या कथा निघतात, पुढची पिढी किती नाजूक झाली आहे यावर एकमत होते, आणि वादाला वजन यावे म्हणून परदेशात राहणाऱ्या एखाद्याला साक्षीला बोलावले जाते. या खेपेस ती पाळी माझ्यावर आली. ‘तूच सांग, तुमच्याकडे असे लाड चालतात का?’

चालतात, आणि त्याचा मला यत्किंचितही संकोच वाटत नाही. मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरात राहते. इथे दोन इंच बर्फाची नुसती शक्यता वर्तवली गेली, तरी आदल्या संध्याकाळी शाळांचे संदेश येतात. पब्लिक्स या किराणा दुकानातल्या पावाच्या आणि दुधाच्या फळ्या त्याआधीच रिकाम्या झालेल्या असतात. रात्री पाणी गोठून नळ फुटू नये म्हणून स्वयंपाकघरातला नळ बारीक धारेने चालू ठेवायचा, गाडी गॅरेजमध्ये लावायची आणि सकाळी लॅपटॉप उघडून बसायचे, एवढीच आमची तयारी असते. पुष्कळदा तो बर्फ येतच नाही. गार पाऊस पडून जातो आणि मुले दिवसभर टॅबलेटवर अभ्यास करत असल्याचे सोंग आणतात. म्हणजे निळ्या आभाळाचा तो फोटो इथूनही टाकता आला असता.

गटावरच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर जी अमेरिका आहे, ती बफेलो, मिनियापोलिस किंवा शिकागोची. तिथे नोव्हेंबरपासून बर्फ बाजूला सारणाऱ्या गाड्या राबतात, मीठ हजारो टनांनी साठवलेले असते आणि पाण्याचे नळ जमिनीत खोल गाडलेले असतात. ती तयारी त्या शहरांनी शौर्यापोटी केलेली नाही. दरवर्षी उपयोगी पडते म्हणून तिच्यावर खर्च करणे त्यांना परवडते. देशाच्या दक्षिणेला हा हिशेब जुळत नाही. २१ जानेवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये आठ इंच बर्फ पडला, तेव्हा आय-१० हा महामार्ग दूरवर बंद ठेवावा लागला आणि लुइझियानात हिमवादळाचा सर्वांत वरच्या पातळीचा इशारा इतिहासात प्रथमच दिला गेला. त्याच दिवशी फ्लोरिडातल्या पेन्साकोलातही जवळपास नऊ इंच बर्फ पडला. बफेलोच्या लोकांनी एवढ्या बर्फात फावडे उचलले असते आणि कामाला गेले असते, हे खरे आहे, पण त्यावरून न्यू ऑर्लिन्सचे लोक भित्रे ठरत नाहीत.

त्यातून आमच्याकडचा बर्फ थोडा असतो म्हणून सोपा असतो, हाही एक गैरसमज आहे. कडाक्याच्या थंडीतला बर्फ कोरडा आणि भुसभुशीत असतो, तो बाजूला सारता येतो. अटलांटात तापमान शून्याच्या आसपास घुटमळत असते, त्यामुळे पहिला बर्फ रस्त्याच्या उबेने वितळतो, गाड्यांच्या चाकांखाली चेपला जातो आणि सूर्य कलताच काचेसारखा गोठतो. कधी तर बर्फ पडतही नाही. अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या पूर्व उताराला ईशान्येकडून आलेली गार, जड हवा अडकून बसते आणि तिच्या वरून मेक्सिकोच्या आखाताकडची दमट, उबदार हवा सरकते. मग आकाशातून पाणीच येते, पण फांदीला, विजेच्या तारेला किंवा पुलाला टेकताक्षणी त्याचा बर्फ होतो. अशा वेळी बर्फ सारणारी गाडी काही कामाची नसते. पाइनची झाडे तारांवर कोसळतात आणि घर उबदार ठेवणारी यंत्रणाच बंद पडते. एका अंशाच्या फरकाने साधा पाऊस, गोठणारा पाऊस की बर्फ हे ठरत असल्यामुळे इथला अंदाज चुकण्यालाही तसेच कारण असते. बोस्टनहून आलेले माझे सहकारी आमच्या या बंद शहराला हसतात, तेव्हा मी त्यांना हे सगळे ऐकवते. मग ते आमच्याकडच्या चढउतारांच्या रस्त्यांवर स्वतःची गाडी काढून पाहतात आणि पुढच्या वर्षी गप्प बसतात.

सुट्टी न देण्याची किंमत या शहराने एकदा मोजलेली आहे. २८ जानेवारी २०१४ रोजी इथल्या विमानतळावर २.६ इंच बर्फाची नोंद झाली. हवामान खात्याचा धोक्याचा इशारा पहाटे चारच्या आधीच आला होता, तरीही शाळा आणि कचेऱ्या नेहमीसारख्या उघडल्या. दुपारी बर्फ भुरभुरू लागला तेव्हा सरकारी कार्यालये, खाजगी कंपन्या आणि शाळा यांनी सर्वांना जवळजवळ एकाच वेळी घरी सोडले. लाखो गाड्या एकाच वेळी रस्त्यांवर आल्या आणि मीठ टाकणारे ट्रकही त्याच कोंडीत अडकले. माणसांनी गाड्या महामार्गावर सोडून दिल्या, दुकानांच्या जमिनीवर अंग टाकले, आणि आय-२८५ या शहराभोवतालच्या महामार्गावर एका बाळाचा जन्म झाला. गव्हर्नर नेथन डील यांनी वादळ अनपेक्षित असल्याचे म्हटले, तेव्हा जॉर्जिया विद्यापीठातले हवामानतज्ज्ञ मार्शल शेपर्ड यांच्यासारख्यांनी इशारा वेळेत दिला गेला होता हे ठासून सांगितले. पुढे गव्हर्नरांनी माफी मागितली. माझी मुलगी ती रात्र शाळेच्या व्यायामशाळेत, कुस्तीच्या गाद्यांवर झोपली. तिच्या शिक्षिकेची स्वतःची मुले दुसऱ्या शाळेत अडकलेली होती आणि ती मात्र इतरांच्या मुलांना कॅफेटेरियातले उरलेले अन्न गरम करून वाढत होती. दोन आठवड्यांनी पुन्हा वादळ आले. तेव्हा आणीबाणी आधीच जाहीर झाली, शाळा बंद राहिल्या, रस्ते मोकळे राहिले, आणि वीज गेली तरी माणसे आपापल्या घरात होती. आदल्या संध्याकाळीच जाहीर होणाऱ्या सुट्ट्या त्यातून आल्या आहेत.

हे वाचणाऱ्या मुंबईकराला २६ जुलै २००५ आठवली नाही, तर नवल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. माझे वडील त्या दिवशी शीवहून रुळांवरून चालत निघाले आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याला पोहोचले. मुंबईत तेव्हा पावसाचे ढग टिपणारे डॉप्लर रडार नव्हते, त्यामुळे तो पाऊस कुणाला कळला नाही, हे समजण्यासारखे आहे. पण आता रडार कुलाब्याला आहे आणि वेरावलीलाही आहे, इशारे येतात, आणि इशारा मानून सुट्टी दिली की आपले सुशिक्षित लोक त्याचीच टिंगल करतात. गुडघाभर पाण्यातून शाळेत गेल्याच्या कथा सांगतात ते सगळे सुखरूप पोहोचलेले लोक असतात, एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर घराकडे चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. त्या पाण्याची खोली त्यांनाही गुडघाभरच वाटली असणार.

गटावर मी साधारण एवढे लिहिले. मुलुंडला शिक्षिका असलेल्या मैत्रिणीने त्याला जे उत्तर दिले, ते बाकीच्यांनी टाकलेल्या अंगठ्याच्या चिन्हांपेक्षा वजनदार होते. तिने लिहिले, की तुमचा बर्फ दोन-तीन वर्षांतून एकदा येतो, म्हणून त्याच्यासाठी यंत्रे न घेण्यात शहाणपण असेल, पण आमचा पाऊस दर जूनमध्ये येतो आणि चार महिने राहतो. ज्याची तारीख पंचांगात छापता येते, त्याच्यासाठी शहर बंद ठेवावे लागत असेल, तर तो लाड नव्हे आणि खबरदारीही नव्हे, ती नालायकी आहे.

या म्हणण्यात तथ्य आहे. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या बेताने बांधलेल्या होत्या. ती क्षमता ५० पर्यंत न्यावी असे सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ साली तयार होता, आणि त्यावर जोराने काम सुरू व्हायला २००५ चा पूर यावा लागला. ८ जुलै २०२४ च्या पहाटे सहा तासांत काही भागांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, म्हणजे सरासरीच तासाला ५०, आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही ही गोष्ट वेगळीच. तेव्हा सगळी कामे वेळेवर झाली असती, तरीही त्या सकाळी मुलांना घरीच ठेवणे शहाणपणाचे ठरले असते, असा माझा दावा आहे. गटारे रुंद करण्याची मागणी आणि सुट्टीची मागणी यांत मला विरोध दिसत नाही.

आणि अहवाल कपाटात ठेवण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी टेक्सासकडे पाहावे. २०११ च्या थंडीत तिथली वीजकेंद्रे आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी गोठून बंद पडल्या, केंद्रीय यंत्रणांनी चौकशी करून थंडीपासून बचावाची कामे सुचवली, आणि बहुतेक कामे कुणी सक्तीची केली नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तीच थंडी अधिक दिवस मुक्कामाला आली. राज्याचे वीजजाळे ४ मिनिटे ३७ सेकंदांच्या अंतराने पूर्ण कोसळता कोसळता वाचले, ४५ लाखांच्या आसपास घरे आणि आस्थापना अंधारात गेल्या, आणि राज्याने नोंदवलेल्या मृत्यूंचा आकडा २४६ होता. तिथे शाळा बंदच होत्या. घरात राहण्याचा उपयोग घर उबदार असेल तरच, हा धडा तिथे मिळाला. माझ्या मैत्रिणीच्या बाजूने हे उदाहरण जास्त जाते, याची मला कल्पना आहे, तरी मी ते देते, कारण दुर्लक्षाच्या बाबतीत आपण जगात एकटे आहोत या खंतावण्यातही एक प्रकारचा अहंकार असतो.

सुट्टीच्या समर्थनात मी एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे मागे ठेवते, आणि ती इथली आहे. बर्फाच्या दिवशी माझा पगार कापला जात नाही. पब्लिक्सच्या काउंटरवरची मुलगी, आमच्या इमारतीत सफाई करणारी बाई, तासावर काम करणारे सगळे लोक त्या दिवशीची मजुरी गमावतात, आणि शाळेतल्या मोफत जेवणावर ज्या मुलांची दुपार अवलंबून असते, त्यांची ती दुपार जाते. ठाण्यातही हेच आहे. माझ्या आईकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना रेड अलर्टचा अर्थ सुट्टी असा नसतो. त्यांची मुले घरी आणि त्या पाण्यातून कामावर, एवढाच फरक पडतो. आदल्या रात्री निर्णय झाला तर त्यांना शेजारणीची सोय तरी पाहता येते. २०२४ च्या त्या दिवशी सुट्टी सकाळी जाहीर झाली, तोवर पुष्कळ मुले दप्तर घेऊन निघाली होती. माझा आग्रह सगळा या वेळेबद्दल आहे. सुट्टी द्या, ती चुकली तरी चालेल, पण रात्रीच्या जेवणाआधी द्या.

हा आग्रह मी कुणाकडे धरते आहे, हा प्रश्न रास्त आहे. इथल्या शाळा मंडळाच्या निवडणुकीत मी मत देते, आणि तासावर काम करणाऱ्यांच्या मजुरीबद्दल त्या मंडळाला किंवा माझ्या राज्याच्या प्रतिनिधींना मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही. ठाण्याच्या मतदारयादीतून माझे नाव केव्हाच गेले, आणि तिथल्या सुट्टीवरून मी रात्र रात्र जागून भांडते. जानेवारीत अटलांटाची बाजू घेऊन बोस्टनच्या लोकांशी, जुलैत मुंबईची बाजू घेऊन मुंबईच्याच लोकांशी. जूनपासून सकाळी उठल्यावर मी आधी सांताक्रूझचा आकडा पाहते आणि मग माझ्या दारातला पाऊस.

मैत्रिणीने शेवटी जे लिहिले, ते मला लागले, कारण त्यात टोमणा कमी आणि माहिती जास्त होती. ‘जुलैत ये, मग बोलू.’ इथल्या शाळांना जून-जुलैत मोठी सुट्टी असते. त्या काळात आम्हाला येता आले असते, पण पाणी तुंबते, डास होतात, मुलगी आजारी पडेल, विमान उशिरा उतरेल, अशी कारणे काढून आम्ही नेहमी डिसेंबरातच येत राहिलो. मुलगी मोठी झाली, तरी तिने ठाण्याचा पाऊस माझ्या फोनवरच पाहिला आहे. ज्या पावसाच्या सुट्टीसाठी मी भांडते, त्या पावसात मी किती वर्षे उभी राहिलेली नाही, हे मैत्रिणीला ठाऊक आहे. पुढच्या जुलैची तिकिटे काढावीत असे मी घरी म्हटले आहे. तिथे पोहोचल्यावर तुंबलेल्या पाण्याबद्दल मी तिच्याहून जास्त चिडेन, हे शक्य आहे. आदल्या रात्रीच्या सुट्टीबद्दलचे माझे मत मात्र त्या पाण्यात उभे राहूनही बदलेल, असे मला वाटत नाही.