"वाचनात मन लागत नाही" असं तुम्हीही म्हणता का?

तीन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत होते. मोबाइलने एकाग्रतेची वाट लावली, आता पूर्वीसारखं वाचन होत नाही. पुस्तक हातात घ्यायचं, आठ-दहा पानं झाली की डोळे चुरचुरायचे, मग खूण घालून ठेवून द्यायचं. उशाशी अशी सात अर्धवट पुस्तकं साठली होती. त्यांच्याकडे बघितलं तरी अपराधी वाटायचं.

मागच्या वर्षी भावाने त्याचा जुना ई-रीडर, म्हणजे ई-बुक वाचायचं यंत्र, दिला. छापील पुस्तकांची बाजू घेऊन मी त्याच्याशी कितीतरी वेळा भांडले होते, त्यामुळे घेतला तो नाइलाजानेच. पहिल्या रात्री अक्षरं दोन पायऱ्या मोठी केली, ओळींमधलं अंतर वाढवलं आणि आडवी झाले. घड्याळ बघितलं तेव्हा दीड वाजला होता. मला अक्षरशः रडू आलं. माझं मन कुठेही गेलेलं नव्हतं, मला नीट दिसत नव्हतं एवढंच!

चाळिशी कधीच लागली होती. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं, जवळचं दिसेनासं होतं, हे माहीत होतं. पण बारीक टाइप, फिकट छपाई, घट्ट बांधणीत आत ओढली गेलेली अक्षरं, याला चष्मा तरी काय करणार? आणि सहाशे पानांचं पुस्तक कुशीवर झोपून एका हातात धरून बघा. हे यंत्र जेमतेम २०० ग्रॅमचं आहे.

"मग मोबाइलवरच वाच की," असं बरेच जण म्हणतात. दोन्हींत खूप फरक आहे. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, म्हणून चार्जिंग आठवडे-आठवडे पुरतं. पडदा स्वतः उजळत नाही. दिवा असतो तो कडेला, त्याचा उजेड पानावर पसरतो. पान बदलताना मध्येच सगळं काळं होऊन लुकलुकतं, ते पहिला आठवडाभर फार खुपलं. आता लक्षातही येत नाही.

काही गोष्टी मात्र गेल्या, आणि त्यांचं मला खरंच वाईट वाटतं. "ते वाक्य डावीकडच्या पानावर, अगदी खाली होतं" अशी माझी आठवण असायची. अक्षरं मोठी केली की पानंच बदलतात, ती जागा उरत नाही. उजव्या अंगठ्याखाली किती पानं राहिलीत हे कळायचं, त्याची सर टक्केवारीला नाही. कविता तर मी कागदावरच वाचते, मोठ्या अक्षरांत ओळी नको तिथे मोडतात.

आणि मालकीचं काय? बहुतेक मोठ्या ई-बुक दुकानांतून आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचायचा परवाना घेतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून (ॲमेझॉनच्याच ई-रीडरमधून) परस्पर काढून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, जाहीर माफीही मागितली. तरी कपाटातलं पुस्तक असं कोणी उचलून नेऊ शकत नाही. आवडलेलं पुस्तक "वाच गं हे" म्हणून मैत्रिणीच्या हातात देता येत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. म्हणून शक्य तिथे मी कुलूप नसलेली, म्हणजे कुठल्याही यंत्रावर उघडता येईल अशी फाइल शोधते. जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांसाठी १९७१ पासून चाललेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा ई-पुस्तकांचा संग्रह आहेच, तिथे हजारो पुस्तकं फुकट आहेत. जे पुस्तक कोणाला तरी द्यावंसं वाटेल ते आजही छापीलच घेते.

उशाशी असलेल्या सातांपैकी चार ई-बुक म्हणून मिळाली, वाचून झाली. उरलेली तीन दिवसाउजेडी टेबलावर उघडून थोडी थोडी वाचते आहे.

परवा आत्याचा फोन आला. एकेकाळी ती आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवायची. म्हणाली, "आता नाही गं वाचत, मनच लागत नाही."

मी विचारलं, "आत्या, अक्षरं दिसतात का तुला?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. शनिवारी जाते आहे तिच्याकडे, यंत्र घेऊन.