शेल स्क्रिप्ट अशी लिहा की दुसऱ्या कोणाची हात लावायची हिंमत होणार नाही

नोकरी टिकवायचीय ना? मग शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे शेल नावाचा प्रोग्राम ओळीने चालवतो त्या कमांड्सच्या फाइलमध्ये, अट तपासायचं जुनं [ आणि नवं [[ बिनधास्त मिसळून लिहा. सोय मोठ्या लोकांनी आधीच करून ठेवलीय. १९७९ च्या बॉर्न शेलमध्ये [ हे काही शेलचं व्याकरण नव्हतं, तो चक्क एक वेगळा प्रोग्राम, आणि शेवटचा ] म्हणजे त्याला पास केलेलं एक आर्ग्युमेंट, बास. आता बॅश या नंतरच्या शेलमध्ये तो बिल्ट-इन, म्हणजे शेलच्या आतलाच, झालाय पण सवयी त्याच. मग कॉर्न शेलने [[ आणलं, ते शेलला स्वतःला कळतं. जुनंच का नाही दुरुस्त केलं म्हणता? अहो, जगभरच्या स्क्रिप्टा त्या जुन्या वागण्यावरच चालतायत, पागडीचा भाडेकरू आहे तो, हलवता येत नाही, म्हणून शेजारी नवीन बांधलं.

तर [ मध्ये व्हेरिएबलला कोट्स अजिबात लावू नका. व्हॅल्यू रिकामी आली की ती गायबच होते आणि एरर येतो, स्पेस असली की तिचे दोन तुकडे. [[ मध्ये यातलं काहीच होत नाही, त्यामुळे तिथे मात्र आवर्जून कोट्स लावा, वाचणारा गोंधळला पाहिजे.

आकडे > ने कम्पेअर करा, मजा येते. [ 10 > 9 ] खरं म्हणतं, पण [ 5 > 9 ] पण खरंच म्हणतं, कारण शेल तिथे त्या खुणेचा अर्थ ‘आउटपुट या फाइलमध्ये टाक’ असा घेतो, त्याने कम्पेअर केलेलंच नसतं, 9 नावाची फाइल बनवून ठेवलेली असते. नवीन [[ शहाणं, ते फाइल बनवत नाही, ते डिक्शनरीच्या क्रमाने बघतं आणि 10 हा 9 पेक्षा लहान असं ठामपणे सांगतं.

तारखेतला महिना -eq ने (दोन आकडे सारखे आहेत का ते बघणारा) तपासायचा असेल तर [[ च वापरा. [ ला 08 म्हणजे आठ, [[ ला पुढचा शून्य दिसला की ऑक्टल, म्हणजे ० ते ७ एवढ्याच अंकांची मोजणी, आणि ऑक्टलमध्ये आठ हा आकडाच नाही! जुलैपर्यंत सुरळीत, ऑगस्ट-सप्टेंबरला बोंबाबोंब, ऑक्टोबरला आपोआप बरं, तोवर तुमचं अप्रेझल पण उरकलेलं.

आणि पहिल्या ओळीत, जिथे स्क्रिप्ट कुठल्या शेलने चालवायची ते सांगतात, तिथे बॅश नाही, साधं एसएच (sh) लिहा. मॅकवर [[ चालून जाईल. उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश नावाचा दुसराच शेल, त्याला [[ माहीतच नाही, पण तो थांबतो थोडीच, कमांड सापडली नाही एवढं पुटपुटतो आणि गुपचूप एल्समध्ये, म्हणजे अट खोटी ठरली तर चालायच्या भागात, शिरतो. तुम्ही फाइली डिलीट करायची ओळ एल्समध्येच ठेवलीय ना?