नट आवळला म्हणजे हँडब्रेक झाला का?

सोलापुरातल्या जुन्या पिकअपवाल्यांच्या मोबाईलवर फिरणारा सल्ला असा: ‘हँडब्रेक धरत नाही? केबलचा नट चार आटे आवळा. केबल अडकली तर डिझेल सोडा. नाहीतर गाव सपाटच आहे, गिअरमध्ये लावा.’

यातली पहिली गोष्ट सगळ्यात महागात पडते. नट आवळला की लिव्हर लगेच टाइट लागतो, तिथंच फसगत होते. मागच्या चाकाच्या ड्रमला आतून शू (अर्धगोल पट्ट्या) दाबले की ब्रेक लागतो; शूवरचा लायनर, म्हणजे घासणारा थर, झिजून शू आणि ड्रममध्ये पडलेलं अंतर तसंच राहतं. केबल मात्र ड्रमच्या आतला लिव्हर कायम ओढून धरते. ऑटो अ‍ॅडजस्टर (शू-ड्रममधलं अंतर आपोआप भरून काढणारा भाग) असेल तर तो नीट चालत नाही, पेडल खोल जातं. जास्त आवळलं तर शू घासत राहतात. मेच्या उन्हात कांदा भरून हैदराबाद रोडला लागलात की ड्रम तापतो, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो.

आधी ड्रम, मग केबल. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा अ‍ॅक्सल उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नको). गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, केबलचा नट सैल. ड्रममागच्या प्लेटचं रबरी बूच काढून स्क्रूड्रायव्हरनं अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवा. ड्रम हातानं फिरेनासा झाला की थोडे दाते मागे घ्या; हलकी घासट चालेल, अडखळ नको. दोन्ही बाजू झाल्या की पेडल चार-पाचदा दाबा. मग नट असा आवळा, की साधारण 5 ते 7 खटक्यांत लिव्हर धरेल. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच पाळा. लिव्हर सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरायलाच हवीत. लायनर रिबिटापर्यंत आला असेल किंवा चाकातला ब्रेक सिलिंडर, ऑइल सील गळून तेलकट झाला असेल, तर कितीही सेटिंग करा, धरणार नाही. ड्रम उघडल्यावर हवा मारू नका. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसा.

डिझेलनं केबलमधलं ग्रीस धुऊन जातं, आणि तेच डिझेल ओघळून ड्रममध्ये उतरलं तर लायनरही जातो. रबरी टोपी फाटून आत धूळ-पाणी गेलेली, गंजलेली केबल बदलायचीच.

आणि सपाट गावाचं म्हणाल, तर केबल अडकते ती बऱ्याचदा त्यामुळंच: हँडब्रेक कोणी ओढतच नाही. गिअरमध्ये गाडी धरते ती इंजिनातल्या दाबावर. तो हळूहळू सुटतो, आणि मार्केट यार्डात माल चढवताना भरलेली गाडी हिसक्यानं सरकते. गिअर जरूर टाका, पण हँडब्रेक ओढून.