मुंबईचे आदिवासी ‘उपरे’ नाहीत

मुंबईतल्या गोरेगावच्या आरे वसाहतीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा की, मुंबईत मूळचे आदिवासी नाहीतच; आरेतले आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले पाडे म्हणजे जंगलात शिरलेल्या झोपडपट्ट्या आहेत; तिथली मुले जीन्स घालतात, मोबाइल वापरतात, मग ती आदिवासी कसली; आणि इमारतीत फुकट घर मिळत असताना तक्रार कशाला? यातला एकही मुद्दा टिकणारा नाही.

‘नंतर आले’ हा आरोप आधी घेऊ. आरे हे मुळात गावाचे नाव. दुग्धवसाहत तिथे १९४९ साली आली. वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे तबेल्यांच्या आधीपासून असल्याचे तिथली वडीलधारी माणसे सांगतात. काही कुटुंबे पुढे मजुरीसाठी आली असतील, पण म्हणून सगळा पाडा उपरा ठरत नाही.

अतिक्रमणाचा मुद्दा खरे तर कायद्याचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जमिनीवर हक्क मिळण्यासाठी अनुसूचित जमातीच्या कुटुंबाचा वनजमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला पाहिजे. पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याची अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे, आदिवासींना नाही. पुरावा म्हणून ज्येष्ठांचा लेखी जबाब, विहीर, दफनभूमी आणि देवस्थानही चालते. म्हणजे पाड्याच्या वेशीवरचा शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड या कायद्यापुढे साक्षीला उभा राहू शकतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पात्रता यादीत मात्र त्या दगडाला काहीच किंमत नाही, तिथे मतदार यादीतले नाव लागते. शिवाय आरेचा बराच भाग सरकारदरबारी वन म्हणून नोंदलेलाच नव्हता, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या झाडांत राहणाऱ्यांना वनहक्क मागण्याची वाटच अडली. मला यातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो.

जीन्स आणि मोबाइलवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. अनुसूचित जमातींची यादी राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमाखाली ठरते आणि तिच्यात कपड्यांचा रकाना नाही. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा जमवताना याच मुलांची किती दमछाक होते, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा पाहावे.

राहिले फुकट घर. पुनर्वसनातली सदनिका २६९ चौरस फुटांची असे, पुढे ती ३०० झाली. पाड्यावरच्या घराला कारवीच्या काठ्यांचा, शेणामातीने लिंपलेला कूड म्हणजे भिंत असते, मागे भाजीचा वाफा, अंगणात कोंबड्या; पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कर्टोली या रानभाज्या खुडून बायका स्टेशनबाहेर विकायला बसतात आणि त्या पैशांवर घर चालते. सातव्या मजल्यावर यातले काय नेणार? लग्नात सुवासिनींनी पालघाट देवीचा चौक, म्हणजे लग्नाचे चित्र, लिहायचा तो घराच्या भिंतीवर, आणि तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजू लागले की फेर धरायला मोकळे अंगण लागते. विमानतळाच्या भिंतीवर वारली चित्र लावणाऱ्या शहराने ते चित्र जिथे जगते ते अंगण काढून घ्यावे, याला सन्मान म्हणता येणार नाही.

आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा २०२० मध्ये झाली. भारतीय वन अधिनियमानुसार अशा वेळी तिथल्या लोकांचे दावे मागवून त्यांची चौकशी करावी लागते. ती चौकशी पाड्यावर जाऊन, वारली बोली समजणारा माणूस सोबत घेऊन आणि विहिरी व देवस्थानांची नोंद करून व्हावी, एवढीच मागणी आहे.